माई, शेंडा खुडू का?

नाशिक, १६ जून

माई,

“याले फूल येऊ देऊ नको, माय. फूल उनं का पान फिकं पडस.”

लग्न होऊन मी या घरात आले, त्या आठवड्यातलं हे तुमचं वाक्य. तुमची अहिराणी मला तेव्हा निम्मीच कळायची. मी जन्मापासून नाशिकची, तुम्ही नामपूरच्या. मला वाटलं, नव्या सुनेला सासू आडून काहीतरी सुचवते आहे. कुंदनला विचारलं, “तुझी आई मला काय म्हणाली रे?” तो हसतच सुटला. “अगं, कोलियसबद्दल बोलत होती ती!”

तुम्ही खरंच कोलियसबद्दलच बोलत होतात. लाल पानांच्या डोक्यावर आलेला निळसर तुरा नखाने टचकन खुडलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. एवढंसं फूल मला गोड वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, हे झाड पानांसाठी ठेवायचं असतं, फुलात त्याचा जीव घालवायचा नाही.

हे आज आठवायचं कारण हर्षाली. काल फोनवर तुम्ही तिला विचारलंत, “कुंड्या कशा शेतस?” आणि ती म्हणाली, “मस्त.” तुमच्या नातीला झाड वाळून काडी झालं तरी मस्तच दिसतं. तिच्या भरवशावर राहू नका. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. भिकन दर आठवड्याला भाजी घेऊन इकडे मार्केटला येतोच, परत जाताना त्याच्या हाती देईन. तुमचा पुतण्या विसरभोळा आहे खरा, पण तुमच्या धाकाने पोचवेल.

तर कुंड्या. खरं सांगायचं तर मे महिन्याने हाल केले. आपली गॅलरी पश्चिमेची; तुम्ही दुपारी बारा वाजले की कुंड्या आत ओढायच्यात. ऑफिसमधून मला ते जमेना. लाल पानाला पिवळी किनार असलेलं ते मोठं झाड पार विटलं, धुवून धुवून गेलेल्या साडीसारखं. आता हिरवी जाळी बांधून घेतली आहे. त्याच झाडाच्या चार फांद्या तुमच्या पद्धतीने घेतल्या. पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली काप, खालची पानं काढून टाकली, काचेच्या ग्लासात पाणी. आठवड्यात पांढरी मुळं सुटली. हर्षालीने फोटो काढला, पण तुमच्याकडे तो साधा फोन.

पानओवा मात्र माजला आहे. त्याला कोण विचारतं ऊन न् पाऊस.

तुम्ही गेलात तेव्हा एकही कुंडी नेली नाहीत. दोन पातळं, चष्मा आणि कुंदनचा फोटो, बस. मी तुम्हाला जे सांगितलं होतं, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. हे पत्र कुंड्यांचं आहे.

तुमची
तेजस्विनी


नाशिक, ९ जुलै

माई,

भिकन आला होता. त्याला चहा दिला आणि विचारलं, “माई पत्र वाचतात का रे?”

“वाचस ना, वहिनी. चश्मा लावीसन, ओट्यावर बसीसन. बोट ठेवीसन वाचस.”

“मग काय म्हणाल्या?”

“काही नही. घडी करीसन पिशवीमा ठेवी दिन्हं.”

पिशवीत ठेवलंत, चुलीत घातलं नाहीत. मला तेवढं पुरेसं आहे.

एक गोष्ट सांगायची आहे, तुम्हाला राग येईल. पाणी गाळायच्या मशीनचं जे वाया जाणारं पाणी नळीतून येतं, ते तुम्ही निळ्या बादलीत धरून कुंड्यांना घालायच्यात. पाणी फेकणं तुम्हाला बघवत नाही. नामपूरला टँकरच्या मागे हंडे घेऊन पळालेल्या बाईला ते बघवणार तरी कसं. पण माई, पानांच्या कडा जळत होत्या त्या उन्हाने नव्हे, त्या पाण्याने. सगळा क्षार त्यात उतरतो. मी एका कुंडीला नळाचं साधं पाणी दिलं आणि शेजारच्या कुंडीला बादलीतलं. महिनाभरात फरक दिसला. साध्या पाण्याच्या कुंडीला नवी पानं आली ती अगदी काठापर्यंत लाल, तपकिरी रेघ नाही.

बादलीतलं पाणी मी फेकत नाही, फरशी पुसायला घेते.

हे लिहून झालं, पण पेन खाली ठेवता येत नाही. मागच्या पत्रात मी एक विषय गाळला. तो गाळून तुम्हाला लिहिणं म्हणजे चौथा पाय काढून ठेवलेल्या खाटेवर बसण्यासारखं आहे, सारखा तोल सांभाळावा लागतो.

मी शेखरशी लग्न करणार आहे. मेमध्ये मी तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा तुम्ही वाटाणे सोलत होतात. हात थांबले नाहीत. सगळे सोलून झाल्यावर टरफलं गोळा केलीत आणि म्हणालात, “मीच लई उनू त्याले घरमा.” दुसऱ्या दिवशी सकाळी भिकनची गाडी खाली उभी होती.

ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तुम्हीच त्याला घरात आणलंत. आणि ते खरं आहे.

तेजस्विनी


नाशिक, ३ ऑगस्ट

माई,

हर्षाली सांगत होती, तुम्ही फोनवर तिला विचारलंत, “तुनी माय पानी फेकस का?” तिने सांगितलं, फरशी पुसते. मग तुम्ही म्हणालात, “मग ठीक शे.” पोरीने ते मला तुमच्या आवाजात करून दाखवलं. नक्कल छान करते हो. आम्ही दोघी हसलो, आणि मग ती एकदम उठून आत निघून गेली. तिला तुमची आठवण येते. ती बोलत नाही, तुमच्यावर गेली आहे.

रविवारी पाथर्डी फाट्याकडच्या नर्सरीत गेले. विटलेल्या झाडाची जागा रिकामी दिसत होती. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच झाड निवडलं, आणि सगळा वेळ तुमचा हात माझ्या हाताच्या पुढे होता. उंच झाड घ्यायचं नाही, बुटकं आणि फांद्या फुटलेलं घ्यायचं. पान उलटं करून बघायचं, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही आहे का. पिशवीच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील तर सोडून द्यायचं, त्या झाडाला किती दिवस कोणी विचारलेलं नाही ते कळतं. आणि तुरा आलेलं तर घ्यायचंच नाही. नर्सरीवाला म्हणाला, “ताई, फूलवालं घ्या ना, छान दिसतं.” मी म्हटलं, “माझ्या सासूबाई रागावतील.”

बोलून गेले. मग गाडीपर्यंत येईपर्यंत त्या शब्दाचाच विचार करत होते. लग्नानंतर तुम्ही माझ्या कोण असाल, माई? मला कोणी विचारलं तर काय सांगू?

घेतलेलं झाड हिरव्या-पोपटी पानांचं आहे, मध्ये मरून शिंतोडे, होळीला कुणी लांबून पिचकारी मारल्यासारखे. शेखर गाडी घेऊन आला होता. तुमच्यापासून हे लपवत नाही.

त्याच्याबद्दल तुम्हाला मी नवीन काय सांगणार. तुमचा चष्म्याचा नंबर बदलला म्हणून त्रिमूर्ती चौकातल्या त्याच्या दुकानात आपण गेलो होतो. मी पावती करत होते आणि तुम्ही दुकान न्याहाळत होतात. “दुकान कसं भुंडं दिसस रे तुनं. एक झाड ठेव.” तो म्हणाला, “माई, माझ्या हाताला झाड लागत नाही.” चष्मा आणायला गेलात तेव्हा दह्याच्या डब्यात फांदी लावून घेऊन गेलात. त्याने ती शोकेसच्या दिव्याखाली ठेवली. दोन महिन्यांनी तो डबा स्कूटरवर पायांत धरून आपल्या दारात. “माई, हे उंटासारखं का वाढलंय?”

“तू शेंडा खुडा नही. बस. चहा पी.”

मग पानओव्याची भजी. मग दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त, पानं गळाली, किडा पडला, कुंडी फुटली. बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेला माणूस, घरी गप्पा मारायला कोणी नाही. तो तुमच्याकडे यायचा, माई. वर्षभर तरी फक्त तुमच्याकडेच यायचा. मी ऑफिसातून येऊन आत कपडे बदलायची आणि बाहेर तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. कुंदन गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा तुम्ही हसलात ते मी आतून ऐकलं होतं.

तुम्ही म्हणता, मीच घरात आणला. तुम्हाला तो ठपका वाटतो. मला कधीच वाटला नाही.

तेजस्विनी


नाशिक, ११ सप्टेंबर

माई,

खत पोचलं.

भिकनने गोणी खांद्यावरून उतरवली आणि मी विचारलं, “हे काय?”

“शेणखत. दोन वरीस कुजाडेल. माईनी धाडं.”

“काही म्हणाल्या?”

“बोलनी, शहरमातलं खत काय कामनं. आणि बोलनी, ओलं टाकू नको, चाळीसन टाक.”

“आणखी?”

“आणखी काय? वहिनी, मी गाडी डबल लायेल शे, पोलीस उचली लई जाई!”

मी चाळून टाकलं. एक वाटा तुमचं खत, एक वाटा माती, थोडी वाळू. गॅलरीत दोन दिवस गोठ्याचा वास होता. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “गाय घेतली का?” मी म्हटलं, “सासूबाईंकडून आलंय.” बघा, परत तोच शब्द.

सगळे शेंडे खुडले. तुम्ही असताना हे काम आपण दोघी करायचो. तुम्ही पाटावर, मी उंबऱ्यावर. अशाच एका दुपारी तुम्ही मला देवळ्याच्या माणसाबद्दल सांगितलं होतंत. आठवतं का? सांगण्यासारखं काही विशेष आहे असं तुमच्या आवाजात नव्हतं. खंडेराव मामंजी गेले तेव्हा कुंदन रांगत होता. वर्ष उलटल्यावर तुमच्या माहेरच्यांनी तुमचा पाट लावायचं, दुसरं लग्न करून द्यायचं ठरवलं. देवळ्याचा माणूस, स्वतःची विहीर असलेला. बघायला आला तेव्हा कुंदनसाठी गूळ-शेंगदाणे घेऊन आला होता. “भला दिसे,” तुम्ही म्हणालात. “मी नही सांगं.” आणि पुढच्या झाडाचा शेंडा खुडलात.

मी विचारलं होतं, “का?” तुम्ही म्हणालात, “माले काय करनं व्हतं? पोरगा व्हता ना.”

मला तेव्हापासून वाटतं, गूळ-शेंगदाणे विसरायचे असते तर तुम्ही विसरला असतात.

माई, मी हे टोचायला लिहीत नाही. तुम्ही गेलात ते लोक काय म्हणतील म्हणून नाही, हे मला माहीत आहे. लोकांना तुम्ही कधी भीक घातली नाहीत. मला वाटतं, तुम्हाला असं झालं असेल की, जे मी एवढ्या कष्टाने बाजूला सारलं, ते ही बाई मी वाटाणे सोलत असताना सहज सांगते. मग मी जे केलं ते काय होतं?

तुमच्या ‘नाही’मधून कुंदन मोठा झाला, मला मिळाला, हर्षाली झाली. माझ्या ‘हो’ने त्यातलं काही खोडलं जात नाही, असं मला वाटतं. पण वाटणं माझं आहे. ‘नाही’ तुमचं होतं आणि ते तुम्ही चाळीस वर्षं पाळलं आहे. त्याच्याबद्दल मी बोलू नये हेच बरं.

खत उत्तम आहे. तीन दिवसांत पानांना तेज आलं.

तेजस्विनी


नाशिक, १४ ऑक्टोबर

माई,

आज फक्त एक प्रश्न आहे, पण तो नीट मांडायला हवा.

कोपऱ्यातल्या फसव्या झाडाला तुरे येऊ लागले आहेत.

तुम्ही त्याला आता फसवं झाड म्हणत नाही, ‘कुंदनचं झाड’ म्हणता; पण नाव पडलं ते त्याच्याच हसण्यातून. तो गेला त्याच्या आधीच्या आषाढात तुमच्यासाठी घेऊन आला होता. गडद हिरवं पान, खालून वांग्याच्या सालीसारखं जांभळं. देठ चौकोनी, कोलियससारखाच, पानओव्यासारखाच. तुम्ही देठ दोन बोटांत फिरवून बघितलात आणि म्हणालात, हेही आपल्याच जातीचं. कुंदन म्हणाला, “माई, हे फुलाचं आहे. दिवाळीच्या सुमाराला जांभळं फुलतं म्हणे.”

“येडा. नर्सरीवालानी फसाडं तुले. रंगबी नही पानले.”

आश्विनात त्याला काळपट टोकं आली आणि तुम्ही ती खुडलीत, बाकीच्यांची खुडता तशीच. तो ओरडला, “माई, येऊ दे ना गं एकदा!” तुम्ही म्हणालात, “तू गप बस.” दिवाळी गेली, फूल नाही. मग तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला, आमच्याकडे एक फसवं झाड आहे, बघायला या. माघात तो गेला.

त्यानंतर तुम्ही त्या झाडाला गॅलरीतली सगळ्यात चांगली जागा दिलीत. म्हातारं झालं की त्याचीच फांदी लावून नवं केलंत. आणि दरवर्षी सगळ्यात आधी त्याचे शेंडे खुडलेत. मी बघायची, त्याचे खुडताना तुम्ही नख लावत नव्हतात. दोन बोटांच्या पेरांनी, अलगद.

यंदा तुम्ही नाही. सप्टेंबरात मी सगळ्यांचे शेंडे खुडले तेव्हा त्याचेही खुडायला गेले. हात पुढे झाला आणि थांबला. ते तुमचं काम होतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तो आठवडा आलाच नाही. आज बघते तर प्रत्येक फांदीला काळपट-जांभळं टोक आहे, मुंगीच्या डोक्याएवढे दाणे लागलेले.

खुडू का? की राहू देऊ?

तुम्ही सांगाल तसं करेन. कुंड्या तुमच्या आहेत, आणि हे झाड तर सगळ्यात जास्त तुमचं. माझ्याशी बोलायचं नसेल तर हर्षालीला सांगा. नुसतं ‘खुड’ म्हणा. तेवढं पुरे.

तेजस्विनी


नाशिक, २९ ऑक्टोबर

माई,

दिवाळीत हर्षाली चार दिवस तुमच्याकडे राहून आली. तिला मी बजावून पाठवलं होतं, झाडाचं विचारून ये. ती म्हणते, “आई, मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा ती शेव तळत होती. दुसऱ्यांदा म्हणाली, कान दुखस. तिसऱ्यांदा उठून गोठ्यात गेली.”

टोकं बोटभर झाली आहेत. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. काल अंगठा आणि तर्जनी दोन्ही टेकवली होती. जरा दाबलं की झालं असतं.

पुढच्या बुधवारपर्यंत वाट बघते.

तेजस्विनी


नाशिक, २७ नोव्हेंबर

माई,

ते बुधवारपर्यंत थांबलं नाही.

सोमवारी सकाळी हर्षालीने गॅलरीतून हाक मारली. तिच्या हाकेत काय होतं कोण जाणे, मी गॅस चालू ठेवून धावले. खालच्या दोन फुलांनी तोंड उघडलं होतं. फिकट जांभळी, नळीसारखी. खालच्या ओठावर गडद ठिपके. आणि प्रत्येकाच्या मागे एक बारीक टोक, कोंबड्याच्या पायाला मागे नख असतं ना, तसं. आता तर सगळं झाड भरलं आहे. पान दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

कुंदन फसला नव्हता, माई.

एवढं एकच वाक्य लिहून पत्र पाठवावं असं मनात होतं. पण तुम्ही ते वाचून ओट्यावर एकट्या बसाल, आणि आपण तीन वर्षं काय खुडत होतो याचा विचार करत राहाल. म्हणून पुढे लिहिते, नीट वाचा.

मी एक फांदी घेऊन त्या पाथर्डीच्या नर्सरीत गेले. त्याने सांगितलं ते असं. हे कोलियसच्याच भावकीतलं, पण ठेवायचं ते फुलासाठी. दिवस लहान व्हायला लागले की ते आपोआप फुलावर येतं. याचेही शेंडे खुडायचेच असतात, पण पावसाळ्यात; गणपती बसले की हात आवरायचा. आणि मग त्याने मोबाइलवरचा फोटो बघून विचारलं, “हे एवढं दाट कसं केलंत ताई? आमच्याकडं चार काड्या असतात, चार तुरे येतात.”

तुम्ही केलंत. वर्षानुवर्षं खुडलंत म्हणून एकाच्या दोन, दोनाच्या चार फांद्या झाल्या, आणि आज तितके तुरे आले. तुमचा हात चुकला नव्हता. फक्त एकदा कुठेतरी थांबायचं होतं, आणि ते आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं.

आणि यंदा थांबवलं तेही तुम्हीच. ‘खुड’ म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी खुडलं असतं, शप्पथ. तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या न बोलण्यात ते फुललं.

शेखरला मी सांगितलं, तेव्हा तो गॅलरीत येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “यांना आधी दाखवायला हवं होतं.” त्याला म्हणायचं होतं, कुंदनला. मी त्याच्याशी लग्न का करते आहे, असं कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन. पण मला कुणी विचारत नाही, आणि ज्यांनी विचारावं असं वाटतं त्या नामपूरला बसल्या आहेत.

आता जे लिहायचं त्यासाठी सकाळपासून दोन कागद फाडले.

एकोणीस डिसेंबरला आम्ही रजिस्टर लग्न करतो आहोत. मंडप नाही, वाजंत्री नाही. शेखरचं घर मागच्याच गल्लीत आहे, मी तिकडे राहायला जाईन. हे घर तुमचं आणि हर्षालीचं. तुमची खोली, तुमचा पाट, सगळं जागेवर आहे. कुंड्या हलवणार नाही. सकाळी येऊन पाणी घालून जाईन. नळाचं.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक शेखरची बहीण. दुसरी हर्षाली, अठरा पूर्ण झाल्याचा तिला फारच अभिमान. तिसऱ्याचं नाव शेखर विचारतो आहे आणि मी टाळते आहे. हर्षालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला वेड लागलंय. माईला? साक्षीदार? ती तुझा फोन उचलत नाही आणि तू तिला सही करायला बोलावतेस?”

हो.

माझे आई-वडील असते तर त्यांना बोलावलं असतं. ते नाहीत. वीस वर्षांपूर्वी या घराच्या उंबऱ्यात तुम्ही माझ्या हातावर पाणी घातलंत, तेव्हापासून आजारपणात माझ्या उशाशी कोण बसलं, हर्षालीच्या वेळी कोण होतं, कुंदन गेला त्या दिवशी स्वतःचं सोडून माझ्या तोंडात पाणी कोणी घातलं, हे मी मोजत बसत नाही. तिथे एक कागद असेल, त्यावर लिहिलेलं असेल की ही बाई आपल्या मर्जीने हे करते आहे. त्याखाली तुमचं नाव असावं असं मला वाटतं. कुसाबाई खंडेराव. मोठ्या अक्षरात, रेघेच्या बाहेर जाणारं. तुमची सही नसली तरी लग्न होईल. पण मग तुम्ही मला सोडून दिलंत की लेकीसारखं पाठवलंत, ते मला आयुष्यभर कळणार नाही.

तुम्ही नाही म्हणाल. भिकनच्या हाती कदाचित आणखी एक गोणी याल, नव्हे, धाडाल. बघा, लिहितानाही हात काय लिहून गेला.

थंडी पडली आहे, कोलियसची पानं गळायला लागली. ती मी आत घेतली. हे एकटं बाहेर आहे, थंडीत खूश. नर्सरीवाला म्हणाला, डिसेंबर सरेपर्यंत फुलं राहतील. ही कुंडी मी भिकनबरोबर पाठवणार नाही. रस्त्यात सगळं झडून जाईल, आणि तुम्हाला काड्या मिळतील. एक फूलसुद्धा पाकिटात घातलेलं नाही. हे इथे येऊनच बघायला हवं.

अठराला भिकन येईल तेव्हा त्याच्या गाडीत पुढची जागा रिकामी असते. शाल घ्या, सकाळी फार गार असतं. सही करावीशी वाटली तर करा. नाही वाटली तर करू नका. गॅलरीत बसा, आणि वाटलं तर सगळे तुरे खुडून टाका, मी एक शब्द बोलणार नाही. पण या, माई. एवढ्या वेळी माझं ऐका, आणि या.

तुमची
तेजस्विनी